शाडूच्या मूर्तीला मान, मनगट आणि बुडाला भेगा: माती वाईट की वाळवणं?

पाटपूजा
गणपतीची बारा इंचांची बैठी मूर्ती, साच्याशिवाय हातानं घडवलेली. शाडूची तयार पावडर पाण्यात भिजवून मळली आहे, त्यात दुसरं काहीच नाही. मूर्ती पूर्ण भरीव. मागच्या उजव्या हातात आतून लोखंडी तार. मूर्ती थेट सागवानी पाटावर घडवली आणि तिथेच पंख्याखाली वाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी मानेभोवती गोल भेग, मनगटावर तारेच्या रेषेत उभी भेग आणि बुडाला पुढून मागे आरपार भेग.

दुकानदार म्हणतो, मातीत फेविकॉल घाला. घालावा का? मिसळायचं असेल तर काय आणि किती? आणि ही मूर्ती वाचेल का?

ओलावा
माती बदलू नका, तिचा दोष नाही. भेग पडते ती एक भाग आकसतो आणि शेजारचा आकसत नाही किंवा उशिरा आकसतो म्हणून.

तार आकसत नाही, तिच्याभोवतीची माती आकसते, मग ती तारेवरच उकलते. शिवाय लोखंड ओल्या मातीत गंजतं आणि तो तांबूस डाग वरून दिलेल्या पांढऱ्या रंगातूनही वर येतो. बांबूची काडी घातलीत तरी तेच. ती आधी पाणी पिऊन फुगते, माती घट्ट झाल्यावर सुकते. बारा इंचांच्या मूर्तीला सांगाडा लागतच नाही. हात खांद्यापाशी जाड, मनगटाकडे निमुळता करा आणि अधांतरी हाताखाली मातीचाच टेकू द्या. नख दाबल्यावर वळ उठतो पण बोटाला माती चिकटत नाही, इतपत हात घट्ट झाला की टेकू कापून काढा. पुढचा मोदकाचा हात मांडीला आणि मागचे हात प्रभावळीला किंवा मुकुटाला टेकवायची पद्धत आहे, ती नुसती शोभेसाठी नाही.

मानेचं कारण वेगळं. धड आधी होतं, ते थोडं सुकतं, त्यावर ताजं ओलं डोकं बसतं. ओलं डोकं जास्त आकसतं आणि सांध्यावर तुटतं. दोन्ही भाग सारखेच घट्ट असताना जोडा. दोन्हीकडे सुरीनं आडव्याउभ्या खाचा मारा, त्याच मातीचा दह्याइतका दाट घोळ लावा, डोकं किंचित फिरवत दाबून बसवा. सांध्याभोवती करंगळीएवढी वळी फिरवून ती दोन्हीकडे जिरवा. सोंड पोटावर टेकते तिथेही हेच करायचं, तिकडे सहसा कोणी बघत नाही.

आणि पंखा बंद. पहिले दोन-तीन दिवस मूर्तीवर प्लास्टिकची पिशवी सैल पांघरा. कान, बोटं, मुकुटाचं टोक आधी सुकतात, त्यांना ओलसर फडक्याच्या चिंध्या गुंडाळा. पोट आणि बूड मागे राहिलेलं असतं, त्यांना गाठू द्या. नंतर पिशवी रोज थोडी थोडी उघडत न्या.

चितारशाळा
बुडाच्या भेगेचं कारण पाट. तळकोकणात लोक आपापला पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराच्या कारखान्यात, नेऊन देतात आणि मूर्ती त्याच पाटावर घडते, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला जुना. कोरडं लाकूड तळाचं पाणी शोषतं, माती त्याला चिकटून बसते आणि आकसायला लागली की सरकायला जागा नसते. मग मधून फाटते.

पाटावर वर्तमानपत्राचे दोन थर, त्यावर रांगोळी किंवा कोरडी शाडू पावडर भुरभुरवा आणि मग बैठक थापा. माती आकसताना कागदासकट सरकते. मूर्ती पूर्ण वाळली की उचलून कागद सोलायचा आणि पातळ घोळ लावून पाटावर बसवायची.

राखाडी
मिश्रणाचं मी सांगतो. पाच किलो कोरड्या पावडरीला साधारण पावणेदोन लिटर पाणी. ते पावडरीवर ओतू नका. पाणी पसरट टबात घ्या, पावडर वरून भुरभुरत जा, आपोआप भिजू द्या, रात्रभर झाकून ठेवा, सकाळी मळा. आधी पावडर आणि वर पाणी असं केलंत तर आत कोरड्या गुठळ्या राहतात आणि त्याच पुढे पृष्ठभागावर फुटतात.

भर म्हणून वर्तमानपत्राचा लगदा. पाच किलोला कोरडा कागद दीडशे ते दोनशे ग्रॅम. कागद बारीक फाडून रात्रभर भिजवा, मिक्सरमधून काढा, घट्ट पिळून मातीत मळा. दोनशेच्या पुढे गेलात की कोरीव काम मरतं. सुरी फिरवली की धागे ओढले जातात, दागिन्यांच्या कडा केसाळ दिसतात. म्हणून धडाला लगद्याची माती आणि चेहरा, बोटं, मुकुट यांना वरून तीन-चार मिलिमीटर नुसत्या शाडूचा थर. लगदा घातलेली माती पावसाळ्यात आठवड्यात वास मारते, लागेल तेवढीच मळा.

मळून झाली की तपासा. बोटाएवढी पट्टी लाटा, तिच्यावर बरोबर दहा सेंटीमीटरवर दोन रेघा मारा, वाळवून मोजा. साडेनऊच्या आसपास आली तर ठीक. सव्वानऊच्या खाली गेली तर पाणी जास्त झालंय.

फेविकॉल नको. कोरड्या मातीला तो घट्ट धरतो खरा, पण आकसणं थांबवत नाही, भेग पडायची ती पडतेच. वर विसर्जनाच्या वेळी माती विरघळायच्या ऐवजी लगद्यासारखी पडून राहते.

ओलावा
कागदाबद्दल थोडी असहमती. कापूस जास्त चांगला, धागा लांब असतो. मात्र तो पिंजून, चिमटीचिमटीनं, मळतानाच घालावा लागतो, गोळा राहिला तर तिथे पोकळी होते. साच्यातल्या मोठ्या मूर्तीला काथ्या वापरतात, तो हातानं घडवलेल्या छोट्या मूर्तीत घालू नका, कोरताना बाहेर येतो.

दुसरं, भरीव ठेवू नका. एवढी मूर्ती भरीव असली की सहा-सात किलो माती लागते आणि पोटातलं पाणी दोन आठवडे निघत नाही. नखाचा वळ उठण्याइतकी घट्ट झाली की उशीवर आडवी करा आणि बुडातून चमच्यानं पोखरा. भिंत दोन सेंटीमीटर राहू द्या, मानेपाशी जास्त. साच्यातल्या मूर्ती पोकळच असतात. पेण, हमरापूर, जोहे इकडे साच्याच्या दोन्ही अर्ध्यांत मातीची पोळी दाबतात, कडांना घोळ लावून अर्धे जुळवतात, हात वेगळे काढून मागाहून लावतात. तिथे काम वर्षभर चालतं, त्यामुळे बराच माल थंडी-उन्हाळ्यात वाळून तयार असतो. घरी श्रावणात सुरुवात करणाऱ्याला हवा अशी साथ देत नाही.

पाटपूजा
सगळ्यांचे आभार. तार ओढून काढली, मनगट त्या जागी तुटलं. मूर्ती आता बाहेरून पांढुरकी, आतून थंड लागते. दुरुस्ती कशी करू? ओली माती भरली तर धरेल का?

राखाडी
ओली माती भरू नका. ती सुकताना पुन्हा आकसेल आणि भेगेच्या दोन्ही कडांना केसासारख्या दोन नव्या भेगा सोडेल.

कोरडा भरणा करायचा. वाळलेल्या शाडूची चाळलेली पावडर तीन भाग, वाटून वाळवलेला कागद एक भाग. बाभळीचा डिंक रात्रभर भिजवून गाळलेलं पाणी घालून चपातीच्या कणकेहून घट्ट मळा. भेग आहे तशी बुजवू नका, आधी सुरीनं व्हीच्या आकारात रुंद करा. कडा ब्रशनं फक्त ओलसर करा, भरणा बोथट काडीनं ठासा. एका वेळी तीन-चार मिलिमीटर, तो सुकला की पुढचा थर. शेवटचा थर पृष्ठभागाच्या किंचित वर ठेवून पॉलिश पेपरनं उतरवा.

तुटलेलं मनगट याच भरण्यानं बसेल, फक्त दोन्ही तोंडांवर आधी डिंकाचं पाणी फिरवून जिरू द्या. बुडाची आरपार भेग वरून बुजवून उपयोग नाही. खालून जुन्या सुती धोतराची पट्टी घोळात बुडवून आडवी चिकटवा, मग वरून भरा. कोलकात्यातल्या कुमारटुलीचे कारागीर दुर्गेच्या मूर्तीच्या भेगांवर अशाच पट्ट्या लावतात. त्यांचा सांगाडा बांबू आणि भाताच्या पेंढ्याचा. माती आकसली की पेंढा दबतो, म्हणून एवढ्या मोठ्या मूर्ती तग धरतात. तार दबत नाही, हाच फरक.

चितारशाळा
मानेच्या भेगेला घाई करू नका. आत ओल आहे तोवर ती अजून उघडेल. पूर्ण वाळली हे हात लावून ठरवू नका, वजन करा. सलग दोन दिवस वजन तेच आलं की वाळली. पावसाळी हवेत तुमच्या भरीव मूर्तीला दोन आठवड्यांहून जास्तही लागतील. फार दमट असेल तर दोन-तीन फुटांवर साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब लावा आणि मूर्ती दर काही तासांनी फिरवा. एकाच बाजूनं ऊब दिली तर मूर्ती त्या बाजूला झुकते.

रेखणी
रंगाचं कोणी बोललं नाही म्हणून. ओल्या मातीवर रंग चढवला की आतलं पाणी बाहेर येताना रंग पापुद्र्यासारखा उचलतं. आधी खडूची पावडर डिंकाच्या पाण्यात कालवून दोन पातळ हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. डिंक कमी पडला तर हाताला पांढरं लागतं, जास्त झाला तर वाळल्यावर तडकतो. कोपऱ्यात लावून बोट फिरवून बघा. वर पोस्टर कलर, गेरू, हळद. ऑइल पेंट, इमल्शन, वॉर्निश यांची पाण्यात साल निघते आणि तरंगत राहते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांतही पाण्यात विरघळणारे, बिनविषारी रंगच सांगितले आहेत.

डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी, दिवसाउजेडी. आधी दोन्ही डोळ्यांत पांढरा भरून घ्या. मग शून्य नंबरच्या ब्रशनं वरच्या पापणीची रेघ, नाकाकडून कानाकडे, एका दमात. एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे जाऊ नका, प्रत्येक पायरी दोन्ही डोळ्यांना करत चला, नाहीतर नजर तिरळी होते. बाहुली वरच्या पापणीला थोडी झाकली गेली पाहिजे, पूर्ण गोल दिसली की देव दचकल्यासारखा दिसतो. आणि मूर्ती चौरंगावर जितक्या उंचीवर बसणार तितक्याच उंचीवर ठेवून बघा. टेबलावर वाकून आखलेली नजर मखरात छताकडे जाते.

पाटपूजा
शेवटची शंका. विसर्जन घरी बादलीत करायचं आहे. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालावं लागेल का?

राखाडी
नाही. ते प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीसाठी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं सुचवलेला उपाय. शाडूला साधं पाणी पुरतं. पोकळ मूर्ती काही तासांत बसते, तुमच्या भरीव मूर्तीचा गाभा दुसऱ्या दिवसापर्यंत राहील, तो हातानं फोडा. कापडाची पट्टी काढून घ्या. गाळ खाली बसला की वरचं रंगीत पाणी ओतून टाका, माती सुती कापडावर पसरून खडखडीत वाळवा, कुटून चाळून डब्यात भरा. पुढच्या वर्षी ती चेहऱ्याला वापरू नका, रंगामुळे करडी पडते. धडाला आणि बैठकीला चालते.