‘ढगाळ लिंबूपाणी’ म्हणणाऱ्या रसिकांना

आडवा_पेला (धागाकर्ता)

काल एका सदस्याने हूगार्डन या बेल्जियन गव्हाच्या बिअरचा ‘रसास्वाद’ लिहिला. सारांश असा: बाटली बर्फात गाडून ठेवली, तिच्या तोंडात लिंबाची फोड कोंबली, बाटलीतूनच प्यायली. निकाल: ‘ढगाळ लिंबूपाणी, कडूपणा शून्य, पाचपैकी दीड’. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

कडूपणा नाही ही तक्रारच चुकीच्या दारात नेलीत, साहेब. बेल्जियन विटबिअर (हूगार्डन याच प्रकारातली) साधारण १० ते २० आयबीयूत, म्हणजे कडूपणाच्या मापात, खेळते. हॉप्स, कडूपणा देणारी ती फुलं, मुद्दामच दबलेली. निम्म्याच्या आसपास माल्ट न केलेला, म्हणजे मोड न आणलेला गहू, बाकी बार्लीचं माल्ट, कुठे मूठभर ओट्स, वर कुटलेले धणे आणि कडू नारंगीची वाळलेली साल. ढगाळपणा गव्हाच्या प्रथिनांचा आणि यीस्टचा, तो दोष नव्हे.

जीभ बधिर होईल इतकी गार प्यायल्यावर लिंबाशिवाय दुसरं काय लागणार? पेल्यात ओता, तळाशी थोडी उरली की बाटली गोल फिरवून गाळही ओता, जरा दम धरा. आधी नारंगीची साल येते, मागून धण्याचा गोडसर वास, मग यीस्टची मिरीसारखी बारीक टोच. तोंडात मऊ, पिठूळ. शेवटी मात्र कोरडी, किंचित आंबट होऊन निघून जाते. ही आंबट कोरडी अखेर हाच या बिअरचा जीव, आणि लिंबू पिळलं की सगळ्यात आधी तीच मरते.

खवट_प्रवासी

‘दीड’वाला मीच. अमुक तापमान, तमुक पेला, बाटली फिरवा, दम धरा... बिअर आहे की सत्यनारायण? इतकी सोवळी पाळल्यावरच जिची चव लागते, तिच्यात मुळात चव किती? काळी स्टाउट बिअर कशीही प्या, ती स्वतःची ओळख सांगते.

गाळीव_नको

+१. आणि गव्हाचीच प्यायची तर जर्मन हेफेवाइत्सन प्या की. केळं आणि लवंग, दोन्ही निव्वळ यीस्टची करामत. मसाल्याचा डबा उघडावा लागत नाही. तिकडे बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या शुद्धतेचा कायदा झाला तो उगाच नाही.

आडवा_पेला

आला, शुद्धतेचा कायदा आला! त्या १५१६च्या कायद्यात धान्य म्हणून फक्त बार्ली होती, गहू नव्हताच. तुमची गव्हाची बिअर पुढे राजघराण्याच्या मक्तेदारीवर जगली. तेव्हा कायद्याचा सोटा जरा जपून उगारा.

गाळीव_नको

बरं, कायदा मागे घेतो. केळं मागे घेत नाही.

तिसरी_घागर

माझ्या मेहुण्याने घरी विटबिअर केली होती. धणे जुने, डब्याच्या तळाशी उरलेले, आणि हात सैल. साबण आणि सेलरी! वहिनींनी झाडांना घातली. तेव्हापासून धण्याची बिअर म्हटलं की मी उठून जाते.

आडवा_पेला

ताई, मेहुण्यांच्या धण्यांचं पाप हूगार्डनच्या माथी कशाला?

तिसरी_घागर

जी बिअर दोन चमचे इकडेतिकडे झाले की साबण होते, तिच्या नाजूकपणाचं कौतुक तुम्हीच करा. आणि मेहुण्यांना मी बोलेन, तुम्ही नाही.

लिंबू_सेना

मुद्द्याचं बोला. लिंबू का नको? क्रिस्टलवाइत्सन या गव्हाच्याच बिअरमध्ये जर्मन लोक पूर्वापार फोड टाकत आले. त्यांना चव कळत नाही?

फेसभक्त

क्रिस्टलवाइत्सन गाळलेली असते, तिची गोष्ट वेगळी. सालीतलं तेल फेसाला मारतं. गव्हाच्या प्रथिनांनी उभा केलेला दाट पांढरा फेस आपल्या हाताने बसवायचा, आणि वर ‘फेस टिकत नाही’ म्हणून गुण कापायचे!

लिंबू_सेना

मग ब्लू मून या अमेरिकन विटबिअरच्या पेल्यावर नारंगीची चकती असते, तेव्हा फेसाची आठवण कुठे जाते? १९९५ची बिअर, करणारा कीथ व्हिला ब्रुसेल्समध्ये शिकून डॉक्टर झालेला. त्याला तुमच्याहून कमी कळतं का?

फेसभक्त

त्याला विकायचं कळतं. कूर्स या बड्या बिअर कंपनीच्या घरची ती.

जुना_कढईवाला

आणि हूगार्डन काय धर्मादाय आहे? सगळे चव-चव करताय, इतिहास कोणाला नको. हूगार्डन हे मुळात गाव; तिथली विटबिअरची शेवटची भट्टी, टॉमसिन, १९५७ साली बंद पडली. प्रकारच संपला होता. तो उठवला पिएर सेलिस नावाच्या दूधवाल्याने, १९६०च्या दशकात. १९८५ला त्याच्या भट्टीला आग लागली, पैसा मोठ्या कंपनीने घातला, आणि मग कारभारही तिचाच. सेलिस पुढे अमेरिकेत ऑस्टिनला गेला, १९९२ला तिथे नवी भट्टी घातली. तीही मिलर या बिअर कंपनीच्या हाती जाऊन बंद पडली. २००५ला तर त्या मोठ्या कंपनीच्या वारसाने, इनबेव्हने, हूगार्डन गावातूनच उत्पादन हलवायचं जाहीर केलं होतं. गाव पेटून उठलं म्हणून २००७ला बेत फिरवला. तुम्ही लिंबावर भांडा.

खवट_प्रवासी

म्हणजे आता दूधवाल्याची दया येऊन गुण वाढवायचे?

जुना_कढईवाला

वाढवू नका हो. निदान ‘लिंबूपाणी’ लिहिताना कोणाच्या आयुष्यभराच्या खटपटीवर लिहितोय याची जाण ठेवा.

खवट_प्रवासी

बिअरचे गुण बिअरला देतात, चरित्राला नाही. तरी तुमच्या समाधानासाठी काल सगळी पूजा मांडली: पेला, गाळ, दम. लिंबू नाही. शेवट कोरडा आहे हे मान्य, आणि नारंगीही लागली. दीडचे अडीच. सव्वा दोन द्यायचे होते, पण धागाकर्त्याने एवढं टंकलंय म्हणून पाव गुण श्रमाचा.

आडवा_पेला

उपकार झाले. पाव गुण परत घ्या.

लिंबू_सेना

नारंगी लागली ना? मग चकती टाकली तर बिघडलं कुठे, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

फेसभक्त

दिलंय. वर वाचा.