यंत्राच्या घडणीत सहभागी झालेल्या ग्राहकासाठी शब्द : ‘प्रारंभिक’, ‘आद्य’ की आणखी काही?

प्रश्न (फैजपूर) : केळीचे घड कापून झाल्यावर शेतात उरलेल्या खोडांची तिथेच कुट्टी करणारे यंत्र आमच्याकडील एका वर्कशॉपमध्ये तयार होत असून त्याची मराठी माहितीपुस्तिका मी लिहीत आहे. यंत्र विक्रीला येण्याआधीच काही शेतकऱ्यांनी बयाणा देऊन ते घेतले, आपल्या वावरात चालवले, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्यात बदल होत गेले. अशा शेतकऱ्यांना मी ‘प्रारंभिक ग्राहक’ म्हटले आहे, पण वाचताना अर्थ निसटतो. योग्य शब्द सुचवावा.

उत्तर (धुळे) : ‘आद्य ग्राहक’ चालेल. शब्द आटोपशीर आहे आणि कृषी विज्ञान केंद्रांच्या ‘आद्यरेखा प्रात्यक्षिका’मुळे शेतकऱ्यांच्या कानावरूनही गेलेला आहे.

उत्तर (जळगाव) : ‘प्रारंभिक’, ‘आद्य’, ‘पहिला’ हे तिन्ही शब्द केवळ क्रम सांगतात. दुकान उघडताच भवानी करून जाणारे गिऱ्हाईकही पहिलेच असते, परंतु वस्तू कशी असावी याच्याशी त्याचा काहीही संबंध नसतो. इंग्रजीतही या दोन कल्पना वेगळ्या ठेवलेल्या आहेत. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ मध्ये ‘अर्ली अडॉप्टर’ हा वर्ग रूढ केला, त्यात तयार झालेली नवी वस्तू किंवा पद्धत इतरांच्या आधी स्वीकारणारे लोक येतात, आणि या मांडणीला अमेरिकेच्या आयोवा राज्यातील शेतकऱ्यांवरील अभ्यासांचा मोठा आधार होता. नवनिर्मितीचे अभ्यासक एरिक फॉन हिपेल यांनी १९८६ मध्ये मांडलेला ‘लीड यूजर’ मात्र निराळा आहे : बाजाराला जी गरज उद्या भासणार ती त्याला आजच भासत असते, आणि ती भागवण्यात त्याचा स्वतःचा मोठा लाभ असल्यामुळे तो पुष्कळदा उपायही स्वतःच शोधतो. सॉफ्टवेअरच्या धंद्यात वस्तू घडत असतानाच तीत सहभागी होणाऱ्या ग्राहकाला अलीकडे ‘डिझाइन पार्टनर’ म्हणतात, तेही याच्या जवळचे.

कृषी विस्ताराच्या शब्दांचेही तसेच आहे. ‘आद्यरेखा प्रात्यक्षिका’त सिद्ध झालेले तंत्र शेतकऱ्याच्या शेतावर करून दाखवले जाते, ‘प्रक्षेत्र चाचणी’त ते तिथल्या जमिनीला आणि पाण्याला मानवते का हे तपासून गरजेप्रमाणे सुधारले जाते. म्हणजे आपल्या प्रसंगाला ‘चाचणी’ अधिक जवळची आहे, परंतु तीत प्रश्न तज्ज्ञाचा असतो आणि निविष्ठाही (बियाणे, खते यांसारखी सामग्री) बहुधा संस्थेच्या असतात. आपल्या शेतकऱ्यांनी बयाणा दिला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण फुकट मिळालेल्या यंत्राला माणूस भिडेपोटी चांगले म्हणतो. त्यांनी नेमके काय केले ते कळले तर शब्दही सापडेल.

प्रश्नकर्ता (फैजपूर) : खोड ओले असताना कुट्टी केली की धागा पात्यांखाली तुटण्याऐवजी शाफ्टला गुंडाळला जाई आणि थोड्या थोड्या ओळींनंतर ट्रॅक्टर थांबवून तो विळ्याने कापून काढावा लागे. वर्कशॉपमध्ये पात्यांना अधिक धार लावून पाहिली, पण फरक पडला नाही. यावल तालुक्यातील एका शेतकऱ्याने दोन दिवस बांधावरून पाहून सांगितले की फिरत्या पात्यांच्या समोर स्थिर पाती हवीत, म्हणजे धागा दोहोंच्या मध्ये सापडून तुटेल. तसे केल्यावर गुंडाळणे बरेच कमी झाले. दुसऱ्या शेतकऱ्याला पिलबाग, म्हणजे कापलेल्या झाडाच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलांपासूनचे पुढचे पीक, राखायची होती. उभ्या पिलांमधून ट्रॅक्टर घालता येत नाही, म्हणून बांधावर ठेवून चालवता येईल असे लहान यंत्र त्याने मागितले, आणि ते करायचे नाही असे ठरले.

उत्तर (जळगाव) : या माहितीने माझ्या मनातील शब्द पक्का झाला : ‘घडणीतील ग्राहक’. ‘घडण’ मराठीत मुरलेला शब्द आहे, आणि वस्तू अजून पूर्ण झालेली नाही हे तो एका दमात सांगतो. ‘सहयोगी ग्राहक’ गोड आहे, पण मोघम. ‘भागीदार’ म्हटले की नफ्यातोट्याचा वाटा डोळ्यांसमोर येतो. ‘प्रायोगिक ग्राहक’ म्हणजे प्रयोग ग्राहकावरच चालला आहे असा भास होतो. प्रक्रियेला ‘सहविकास’ म्हणावे, मात्र तो शब्द अहवालापुरता ठेवावा. पुस्तिकेत सरळ असे लिहावे : ‘हे यंत्र यावल परिसरातील केळी उत्पादकांच्या वावरात, त्यांच्या सूचनांनुसार घडत गेले.’

पिलबागेची मागणी नाकारली गेली तरी तो शेतकरी ‘घडणीतील ग्राहक’च राहतो. अशा ग्राहकाचे म्हणणे ऐकून घेणे बंधनकारक असते, मान्य करणे नव्हे. कोणती मागणी सगळ्यांच्या कामाची आणि कोणती स्वतंत्र यंत्राची, हे ओळखणे कारखानदाराचे काम. त्यामुळे ‘ग्राहकांच्या मागणीप्रमाणे बनवलेले’ हे शब्द पुस्तिकेत टाळावेत, कारण त्यातून प्रत्येक मागणी पुरवल्याचा अर्थ निघतो.

उत्तर (धुळे) : पटले. बयाण्याच्या पावतीवर मात्र ‘चाचणीसाठी दिलेले यंत्र’ हेच शब्द असू द्यावेत. यंत्र अपूर्ण आहे, मोडल्यास दुरुस्ती कोणी करायची आणि नको असल्यास बयाणा परत मिळणार का, हे घेणाऱ्याला तिथे स्पष्ट दिसले पाहिजे, आणि त्या कामाला ‘घडण’ हा शब्द पुरा पडत नाही.