मदत हवी आहे: रोज रात्री अडीचला जाग येते, खाण्यात नेमकं काय चुकतंय?

नमस्कार. मी नाशिकची, पाथर्डी फाट्याजवळ राहते. वय ४४. गेले सहा-सात महिने झोप पार बिघडली आहे आणि तिचा संबंध माझ्या खाण्याशी आहे असा दाट संशय आहे. सगळं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

सकाळी सव्वापाचला उठते, कारण नळाला पाणी तेव्हाच येतं आणि तीन डबे करायचे असतात. अंबडला एका कारखान्यात अकाउंट्स बघते. यजमानांचं रविवार कारंजाकडे दुकान आहे, ते साडेनऊच्या आत घरी येत नाहीत, म्हणून रात्रीचं जेवण पावणेदहाला. अकराला पाठ टेकते. झोप लागायलाच पाऊण तास जातो. अडीचच्या सुमारास जाग येते ती येतेच, आणि पुन्हा डोळा लागेपर्यंत चार वाजतात. प्रौढ माणसाला किमान सात तास झोप हवी असं वाचलंय. मला जेमतेम चार मिळतात. मागच्या महिन्यात जीएसटीचं रिटर्न भरताना एकच बिल दोनदा धरलं गेलं. वीस वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं. त्या दिवशी घाबरले आणि वही घातली.

वहीत आता २४ रात्री आहेत. काय खाल्लं, किती वाजता, कधी झोपले, कधी उठले. त्यातून जे दिसतंय ते असं.

रविवारी संध्याकाळी बाहेर मिसळ खाल्ली की छातीत जळजळ होते, आंबट ढेकर येतात. हे मला कळतं, त्यात प्रश्न नाही. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि वर तर्री खाऊन दोन तासांत आडवं झाल्यावर दुसरं काय होणार! पण मिसळ महिन्यातून दोनदा, जाग मात्र रोजची.

मैत्रिणीच्या सांगण्यावरून आठवडाभर संध्याकाळी साडेसहालाच जेवले. अडीचला जाग आली ती पोटात कावळे ओरडत असताना. चिवड्याचा डबा काढून अंधारात खात बसले. तो प्रयोग सोडला.

मग भाकरीऐवजी वरणभात घेऊन पाहिला. भाताने झोप पटकन लागते असं आई म्हणायची, आणि वाचलं तर याला थोडा आधारही आहे. २००७ साली एक छोटा अभ्यास झाला होता, निरोगी पुरुषांवर. झोपायच्या चार तास आधी लवकर पचणारा भात खाल्लेल्यांना सरासरी ९ मिनिटांत झोप लागली, हळू पचणारा भात खाल्लेल्यांना साडेसतरा मिनिटांत. मलाही थोडी लवकर लागली. पण जाग अडीचलाच.

जायफळ घातलेलं दूध दहा दिवस घेतलं. काही फरक नाही.

सगळ्यात वाईट रात्र एकादशीची. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, आणि दिवसभर पोटाला आधार म्हणून चहा. नेहमी पाच कप होतो (उठल्यावर, ऑफिसला पोचल्यावर, डब्यानंतर लगेच, साडेचारला आणि घरी आल्यावर साडेसातला), त्या दिवशी सात झाले. रात्री तासभरही सलग झोपले नाही. पायात काहीतरी वळवळल्यासारखं होत होतं, सारखे हलवावेसे वाटत होते. उठून गॅलरीत फेऱ्या मारल्या तेव्हा बरं वाटलं. तसं ते अधूनमधून होतंच, दिवसभर खुर्चीत बसून पाय आखडत असतील. सर्दी झाली होती तेव्हा झोप येणारी गोळी मुद्दाम रात्री घेतली, तर त्या रात्रीही पायांनी झोपू दिलं नाही.

माझे प्रश्न: उशिरा जेवणं चूक की कमी जेवणं चूक? रात्री भाकरी बरी की भात? आणि उपास झोपेला बाधतो का? झोपेच्या गोळ्या एवढ्यात सुरू करायच्या नाहीत. ज्यांना यातून वाट सापडली आहे त्यांनी कृपया लिहा.

*

सातपूरकर:

ताई, बाकी काही करण्याआधी साडेसातचा चहा बंद करा. मीही याच फेऱ्यातून गेलोय. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, काहींना याहून बरेच जास्त. म्हणजे अकराला तुम्ही पाठ टेकता तेव्हा त्या कपातलं निम्म्याहून अधिक अजून आत आहे. दिवसभर जागं राहिल्यावर मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्यानेच पेंग येते. कॅफीन त्याचीच जागा अडवून बसतं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं, तरी झोप तासाभराहून अधिक कमी झाली. आपल्या कपात इतकं नसतं हे मान्य, पण तुमचे पाच कप आहेत. मी दुपारी दोननंतर चहा सोडला. पहिले चार दिवस डोकं दुखलं, मग थांबलं.

*

रात्रपाळी:

ताई, मी नर्स आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगते. तुम्ही एवढं सगळं रात्रीच्या ताटाबद्दल लिहिलंत आणि पायांबद्दल चार ओळी. मला त्या चार ओळीच महत्त्वाच्या वाटतात.

पाय हलवावेसे वाटणं, पडून राहिलं की वाढणं, चाललं की थांबणं, आणि संध्याकाळ-रात्रीच जास्त होणं, या चारही गोष्टी तुम्हाला लागू असतील तर हे आखडणं नसावं. याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. स्वीडनच्या एकबोम नावाच्या डॉक्टरांनी १९४५ मध्ये त्याचं नीट वर्णन केलं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे शरीरात लोह कमी असणं. सर्दीच्या ज्या गोळ्यांनी झोप येते, त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी हा त्रास उलट वाढतो. तुमची ती रात्र मला म्हणूनच खटकली.

आणि आता तुमचा चहा. सातपूरकर दादा म्हणतात ते कॅफीनचं बरोबरच आहे, पण मी वेगळ्याच कपाकडे बोट दाखवते: डब्यानंतर लगेच घेता तो. धान्य, डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह आधीच अंगी कमी लागतं. त्यावर चहा गेला की त्यातले टॅनिनसारखे घटक लोहाला धरून ठेवतात आणि आतड्यातून आत जाऊ देत नाहीत. वर्षानुवर्षं हे रोज होत असेल तर साठा कसा राहील? घरात मांसाहार नसेल असं तुमच्या वर्णनावरून वाटलं. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेही पाहा. या वयात बऱ्याचजणींचा वाढतो आणि कुणी सांगत नाही. आपल्याकडे हे घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ च्या, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला.

डॉक्टरांना दाखवा आणि नुसतं हिमोग्लोबिन नको, फेरिटिनही (यावरून शरीरातला लोहाचा साठा कळतो) तपासायचं का ते विचारा. हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा रिकामा असू शकतो. एरवी प्रयोगशाळेच्या हिशेबात ३० नॉर्मल दिसतं, पण पायांचा हा त्रास असेल तर फेरिटिन ७५ किंवा त्याखाली असल्यास लोह देण्याचा विचार करतात. आपल्या मनाने गोळ्या सुरू करू नका, जास्तीचं लोहही वाईट.

*

इंदिरानगरहून एक:

साडेसहाला जेवून उपाशी झोपणं मलाही झेपलं नाही. यजमानांसाठी थांबावं लागत असेल तर सातला पोळी-उसळ खाऊन घ्या आणि पावणेदहाला त्यांच्याबरोबर वाटीभर ताकभात. ताटाला सोबतही होते, पोटही जड राहत नाही. जळजळ होईल त्या रात्री डाव्या कुशीवर झोपा. आणि चिवड्याचं वाईट वाटून घेऊ नका. २००४ मध्ये बारा तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं होतं, तेव्हा त्यांचं भूक वाढवणारं संप्रेरक २८ टक्क्यांनी वाढलं आणि पोट भरल्याचं सांगणारं १८ टक्क्यांनी घटलं. झोप मोडली की भूक अशी चाळवतेच.

*

धागाकर्ती, सहा आठवड्यांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि रात्रपाळी ताईंचे विशेष. तुमचा प्रतिसाद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. ते म्हणाले, तू झोपेतही पाय झाडतेस, मला वाटायचं डास चावतात.

हिमोग्लोबिन ११.४ आलं, फेरिटिन १४. पाळीबद्दल तुम्ही विचारलंत तेही खरं निघालं, वर्षभर जास्त जातंय आणि मी वयाचं म्हणून सोडून देत होते. त्याची सोनोग्राफी वेगळी सांगितली आहे. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं.

खाण्यात केलेले बदल थोडेच आहेत. डब्यानंतरचा चहा गेला. पहिला आठवडा त्याच्यावाचून फार जड गेला, खोटं कशाला बोलू. आता साडेतीनला घेते आणि तो शेवटचा. डब्यात लिंबाची फोड असते, मटकीवर नाहीतर मेथीवर पिळते. सातला थोडं आणि पावणेदहाला थोडं, ही युक्ती फार उपयोगी पडली.

वही चालू आहे. गेल्या १४ रात्रींपैकी आठ रात्री गॅलरीत जावं लागलं नाही. पाच रात्री सलग सहा तास झोपले. जाग अजून येते, पण बहुतेक वेळा पाणी पिऊन परत डोळा लागतो. यातलं किती गोळ्यांमुळे आणि किती चहा सोडल्यामुळे, ते मला वेगळं काढता येत नाही. डॉक्टर म्हणाले साठा भरायला महिने लागतात.

आता नवा प्रश्न. गोळीने पोट फार घट्ट होतं. उपाशीपोटी घ्या म्हणतात, पण घेतली की मळमळतं. डॉक्टरांना पुढच्या भेटीत विचारणारच आहे, तोवर ज्यांनी घेतल्या आहेत त्यांनी कोणत्या वेळी घेतल्या आणि काय सोसलं ते सांगा.

उद्या एकादशी आहे. साबुदाणा नाही, राजगिऱ्याची भाकरी आणि काकडीची कोशिंबीर. चहा दोनच कप, दोन्ही साडेतीनच्या आत. रात्र कशी गेली ते परवा इथेच लिहिते.