नवरा सांगितलेलं सगळं करतो, पण सांगावं मलाच लागतं. तुमच्याकडे कसं जमवलं?

पारडीची आई
मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आहे. सकाळी प्रजापती नगरहून मेट्रो पकडते, लोकमान्य नगरला उतरून पुढे ऑटो. मुलगी अडीच वर्षांची. दिवसभर सासूबाई बघतात, पण त्यांच्या गुडघ्यांमुळे आता तिच्यामागे धावणं होत नाही. नवरा मनाने चांगला, सांगितलं की लगेच उठतो. पण डायपर संपत आले, लस कधी, ताप मोजला का, हे सॅम्पल लावता लावता माझ्याच डोक्यात सुरू असतं. जेवणाची सुट्टी घरी फोन करण्यात जाते. ज्यांच्या घरी दोघं मिळून खरंच सांभाळतात, त्यांनी सुरुवात कुठून केली?

मनीषनगरचा बाबा
ताई, माझी बायको नर्स आहे, नाइट असली की मी आणि पोरगा दोघंच. आमच्याकडे एकेक काम पूर्णच्या पूर्ण एकाकडे असतं, लक्षात ठेवण्यासकट. लसीकरण माझ्याकडे. कार्ड माझ्या बॅगेत राहतं. नवव्या महिन्यातली गोवर-रुबेला, मग सोळा ते चोवीस महिन्यांतला दुसरा डोस आणि बूस्टर, सगळ्या तारखा मीच बघितल्या. आता पाच वर्षांचा बूस्टर येईल, तोही मीच बघणार. डॉक्टरांकडेही मीच नेतो, त्यामुळे त्याचं वजन किती, तापाचं सिरप किती द्यायचं हे मला पाठ आहे. ती ड्युटीवर असताना मी तिला फोन करत नाही. वॉर्डात एवढे पेशंट बघून राहिली ती, तिचं डोकं तिथे मोकळं पाहिजे.

आणखी एक, प्ले-स्कूलच्या फॉर्मवर पहिला नंबर बाबाचा टाका. आईचा असला की शाळा आधी आईलाच फोन लावते, बाबा घरी बसलेला असला तरी. एवढ्या एका बदलाने माझ्या बायकोचे दुपारचे फोन बंद झाले.

महालची मावशी
बाई गं, सासूबाईंचाही विचार कर. मी शाळेत नोकरी केली आणि आता नातू सांभाळते, म्हणून दोन्हीकडचं कळतं मला. मे महिन्यात कूलरसमोरून पोर हलत नाही, अन् संध्याकाळपर्यंत आपला जीव थकून जातो. तुझा नवरा घरी आला की मुलगी त्याच्याकडे, हे ठरवून टाक. सासूबाई म्हणाल्या की "तो दमून आला", तर उत्तर त्यानं द्यावं, तू नको. आईची समजूत मुलानंच घालायची असते.

एचआरमधली
कायद्याचं थोडं सांगते. मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चारदा तिथे जाता येतं. तुमच्या कंपनीत लेखी विचारा. वडिलांचं मात्र अवघड आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते, खासगी नोकरीत तेवढ्याचीही कायद्याने सक्ती नाही. 2019 च्या केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायकांचा त्यात जाणारा दिवसाचा वेळ 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. त्यामुळे ताई, तुम्ही जास्त मागता आहात असं अजिबात वाटून घेऊ नका.

पारडीची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. लस, डॉक्टर आणि संध्याकाळ नवऱ्याकडे देते, हा धागा त्यालाही वाचायला दिला. पाळणाघराचा अर्ज सोमवारी देईन. दादा, एकच विचारते: तो एखादी गोष्ट विसरेल असं दिसलं तर मी आठवण करायची की नाही?

मनीषनगरचा बाबा
औषध-तापाची गोष्ट असेल तर लगेच सांगा. डायपर संपत आले असतील तर सांगू नका. संपले की तोच दुकानात जाईल, आणि पुढल्या वेळी आधीच आणून ठेवेल.