मदत हवी आहे : आजीच्या पाटल्यांचा कस नेमका किती?

आजीच्या पाटल्या मोडायच्या आहेत. साडेचार तोळ्यांची जोडी, हॉलमार्क अर्थातच नाही. नागपूरच्या इतवारीत एका सराफाने कसोटीवर घासून, तेजाबाचा थेंब टाकून २० कॅरेट सांगितले. दुसऱ्याकडे मशीनवर ९०.४ टक्के आलं, म्हणजे जवळजवळ पावणेबावीस कॅरेट! एवढ्या फरकात बरेच पैसे जातात ना.

मशीन म्हणजे एक्सआरएफ (क्ष-किरण टाकून धातूंचं प्रमाण सांगणारं), ते फक्त वरचा थर वाचतं असं कळलं. पाटलीच्या आतल्या बाजूला डाकाची (सांधा जोडल्याची) काळपट रेघ दिसते, तिथं सोनं हलकं असणार. खरा कस कळतो तो अग्निपरीक्षणात : तुकडा काढून शिसं-चांदीसोबत भट्टीत तापवतात, मग नायट्रिक आम्लात चांदी विरघळवून उरलेलं सोनं तोलतात. पण त्यासाठी पाटली कापावी लागेल, आणि आई त्याला तयार नाही. (मोडायला तयार आहे, कापायला नाही!)

नागपुरात कुणी हॉलमार्किंग केंद्रात स्वतः जाऊन, दुकानदाराशिवाय, जुना दागिना तपासून घेतलाय का? आधी आटवून लगडीचा नमुना द्यावा की पाटलीचाच? आटणी डोळ्यांसमोर करू देतात का? तूट किती धरतात?