परदेशी शिकताना डोंगरात घालवलेला एक दिवस: आपले अनुभव लिहा

वडोदऱ्याच्या मराठी घरांतून बरीच मुले पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जातात आणि सुट्टी मिळाली की तिथल्या एखाद्या डोंगरावर जाऊन येतात. आपल्याला डोंगर म्हटला की पावागड आठवतो: पायऱ्या, वाटेतली दुकाने, दमलेल्यांसाठी रोपवे आणि चहूकडे माणसे. तिकडे यांतले फारसे काही नसताना वेळेचा आणि हवेचा अंदाज कसा बांधलात, हे जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे. यंदा माझी भाची निघाली आहे, म्हणून हे आवर्जून विचारते आहे.

झुरिकमध्ये शिकलेली, रावपुऱ्याची:
काकू, स्वित्झर्लंडमध्ये वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर बहुधा अंतराऐवजी चालायला लागणारा वेळ लिहिलेला असतो, आणि त्या वेळेत विश्रांती धरलेली नसते. आम्ही वेग्गिसहून, म्हणजे तळ्याच्या काठावरून, १,७९८ मीटर उंचीच्या रीगीवर गेलो, तेव्हा थेपले खायला आणि पाणी भरायला लागणारा वेळ पाटीवरच्या वेळेत आधीच मिळवून ठेवला होता. पाटीच्या टोकाला पांढरा-लाल-पांढरा पट्टा असला, तर ती डोंगरी वाट समजावी. तिथे घोट्याला आधार देणारे बूट हवेतच. हेच पट्टे दगडांवर आणि झाडांच्या खोडांवरही रंगवलेले असतात. वर धुके उतरले, तेव्हा पुढचा पट्टा दिसल्याखेरीज आधीच्या पट्ट्यापासून हलायचे नाही, असे आम्ही ठरवले. ओल्या दगडावरची बोटभर लाल रेघ नजरेस पडली की जीव भांड्यात पडे. उतरताना दातेरी रुळांवरची गाडी घेतली. ही गाडी १८७१ पासून चालू आहे. मात्र शेवटच्या गाडीची वेळ निघण्यापूर्वीच पाहून ठेवावी.

ग्लासगोहून:
स्कॉटलंडमधल्या बेन नेव्हिस या डोंगराची उंची अवघी १,३४५ मीटर असली, तरी चढ जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये सांगितलेला हिशोब इथे अजून वापरतात: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. त्यानुसार नुसत्या चढाईलाच चार तासांच्या आसपास लागतात. माथा बहुतेक दिवस ढगात असतो आणि उत्तरेला थेट कडा आहे, त्यामुळे कागदी नकाशा आणि होकायंत्र वापरता येणारे कोणी तरी सोबत हवेच.

बोल्डरला शिकणारा, दांडिया बाजारचा:
कोलोरॅडोत उन्हाळ्यात दुपारी विजा कडाडतात, आणि झाडांची रेषा संपल्यावर आडोसा म्हणून काही उरत नाही. म्हणून लाँग्ज पीकला (४,३४६ मीटर) लोक मध्यरात्रीनंतर विजेरीच्या उजेडात निघतात आणि दुपारच्या आत माथा सोडतात. आमच्या गटाने परतण्याची वेळ आदल्या रात्रीच ठरवली होती. मोठाल्या शिळांच्या पठारावर पोहोचलो, तेव्हा माथा समोर स्वच्छ दिसत होता, पण पश्चिमेला ढग चढू लागले होते. गटातल्या सर्वांत अनुभवी मुलीने घड्याळ दाखवले आणि आम्ही वळलो. तो निर्णय मला आजही पूर्णपणे योग्य वाटतो. भाचीला एवढे अवश्य सांगा, की कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागवायची, हे खोलीतल्या मैत्रिणीला लिहून द्यावे. वडोदऱ्याला कळवून उपयोग नाही. तेव्हा आपल्याकडे रात्र असते.