एस्सिटॅलोप्रॅम चालू असताना मेथिलफेनिडेट: सेरोटोनिन जास्त होतं का?

पेठेतला_पाहुणा:
धाकटा भाऊ सदाशिव पेठेत राहून एमपीएससी करतोय. चिंतेसाठी एस्सिटॅलोप्रॅम १० मिग्रॅ चालू आहे. एडीएचडीचं (लक्ष टिकत नाही, असा विकार) निदान झाल्यावर त्याच डॉक्टरांनी सकाळी मेथिलफेनिडेट १० मिग्रॅ जोडलंय. अभ्यासिकेतली पोरं म्हणतात, दोन्हींनी सेरोटोनिन (मेंदूतलं एक संदेशवाहक रसायन) वाढतं, गोळी बंद कर. त्यातलाच एक मोडाफिनिल (जागं ठेवणारी गोळी) देऊ करतोय, 'ते सेफ असतं' म्हणून. खरं काय?

औषधविद्या_कोथरूड:
सगळी स्टिम्युलंट (मेंदूला चेतवणारी द्रव्यं) एकाच पोत्यात भरली की असा घोळ होतो. चेतापेशीने सोडलेलं रसायन परत आत ओढणारे ट्रान्सपोर्टर असतात. डोपामिनचा वेगळा, नॉरएपिनेफ्रिनचा वेगळा, सेरोटोनिनचा वेगळा. मेथिलफेनिडेट पहिले दोन अडवतं, तिसऱ्यावर त्याचा परिणाम नगण्य. एस्सिटॅलोप्रॅम नेमका तिसराच अडवतं. म्हणून ही जोडी डॉक्टर देखरेखीखाली देतात.

कोकेन तिन्ही अडवतं. अ‍ॅम्फेटामिनची तऱ्हा निराळी: ते ट्रान्सपोर्टरमधून स्वतःच पेशीत शिरतं, साठवणीच्या पिशव्यांतलं डोपामिन मोकळं करतं आणि ट्रान्सपोर्टर उलटा चालवतं. एमडीएमए (एक्स्टसी हा अंमली पदार्थ) हाच उद्योग मुख्यतः सेरोटोनिनवर करतं. भीतीचं मूळ तिथे आहे. ती मेथिलफेनिडेटला चिकटवण्यात अर्थ नाही.

दुपारी तो चिडचिड करत असेल तर तेही सेरोटोनिन नव्हे. साध्या गोळीचा असर ३-४ तासांत ओसरतो आणि डोपामिन खाली येतं. वेळ किंवा गोळीचा प्रकार डॉक्टर बदलू शकतात. मनाने दुसरी गोळी घेऊ नये.

रात्रपाळी_फार्मसी:
वरचं बरोबर, पण मोडाफिनिलचं राहिलं. ते यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम मंदावतं आणि एस्सिटॅलोप्रॅमची विल्हेवाट मुख्यतः त्याच एन्झाइमवर अवलंबून. म्हणजे रक्तातलं एस्सिटॅलोप्रॅम वाढू शकतं. ज्याला पोरं सेफ म्हणतायत तेच त्याच्या चालू औषधात ढवळाढवळ करणार! शिवाय मोडाफिनिलचं अर्धायुष्य (औषध अंगात निम्मं उरायला लागणारा वेळ) १२-१५ तास. संध्याकाळी ६ ला घेतलं तर सकाळी उजाडताना निम्मं अंगातच. क्वचित अंगावर गंभीर पुरळ उठतं. आणि ते चिठ्ठीवरचं औषध आहे, मित्राच्या पाकिटातलं नव्हे.

सेरोटोनिनची खरी काळजी एस्सिटॅलोप्रॅमच्या बाजूने घ्या. ट्रॅमाडॉल असलेली वेदनाशामकं, डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं खोकल्याचं औषध आणि लिनेझोलिड हे अँटिबायोटिक, तिन्ही त्याच्याबरोबर धोक्याची. लिनेझोलिड मेथिलफेनिडेटबरोबरही नको, रक्तदाब एकदम चढू शकतो. दाताच्या डॉक्टरकडे गेला तरी चालू गोळ्यांची यादी दाखवायचीच.

नवीन औषध जोडल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या २४ तासांत हातपाय थरथरणं, घोटा आपोआप उडत राहणं, दरदरून घाम, जुलाब, ताप, असंबद्ध बडबड अशी सेरोटोनिन जास्त झाल्याची लक्षणं दिसली तर वाट बघू नका. ससून रुग्णालयात किंवा जवळच्या कॅज्युअल्टीत न्या, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या बरोबर घ्या.

औषधविद्या_कोथरूड:
चहाचंही बघा. कॅफीन झोप आणणाऱ्या अ‍ॅडेनोसिनचे रिसेप्टर अडवतं, त्याने झोपेची जाणीव दबते. अर्धायुष्य साधारण ५ तास. मेथिलफेनिडेटने आधीच नाडी आणि रक्तदाब थोडे वाढतात, त्यात अमृततुल्यच्या फेऱ्या झाल्या की छाती धडधडते आणि दोष गोळीला जातो. दुपारनंतर चहा थांबवून फरक पडतो का पाहा. नाडी-रक्तदाब डोस वाढवताना मोजून घ्या.

पेठेतला_पाहुणा:
धन्यवाद. मोडाफिनिल परत करायला सांगितलं. पण त्याच्या खोलीतल्या खोकल्याच्या बाटलीवर डेक्स्ट्रोमेथॉर्फन लिहिलंय. कालपासून घेतोय, त्रास काही नाही.

रात्रपाळी_फार्मसी:
आजपासून बंद करा आणि डॉक्टरांना फोन करून कळवा. एस्सिटॅलोप्रॅम मात्र मनाने थांबवू नका, एकदम सोडलं तर चक्कर, विजेचे झटके बसल्यासारखी संवेदना असा त्रास होतो. सर्दीच्या गोळ्यांत फिनाइलेफ्रिन असतं, तेही मेथिलफेनिडेटबरोबर रक्तदाब वाढवतं. खोकला राहिलाच तर वाफ, गरम पाणी, मध. दुकानात औषध मागताना दोन्ही गोळ्यांची नावं आधी सांगायची.